बंगळुरूत पहिले, दिल्लीत दुसरे

राष्ट्रपतिपदाच्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो; उमेदवारांच्या नावांपुढे आकडे लिहायचे असतात. ज्याला पहिली पसंती त्याच्यापुढे १, तो नाही तर निदान हा चालेल असे ज्याच्याविषयी वाटते त्याच्यापुढे २, आणि मतदाराची इच्छा असेल तर पुढे ३, ४, ५. १९५२ पासून २०२२ पर्यंत या पदासाठी सोळा निवडणुका झाल्या. त्यांपैकी पंधरा वेळा निकालासाठी पहिल्या आकड्यापलीकडे जाण्याची गरज पडली नाही. मतपत्रिकेवरचा दुसरा आकडा मोजावा लागला तो एकदाच, १९६९ च्या ऑगस्टमध्ये. तो मोजूनही जे हरले, त्या नीलम संजीव रेड्डी यांना आठ वर्षांनी तेच पद मिळाले, तेव्हा मतपत्रिका छापण्याचेदेखील कारण उरले नव्हते.

रेड्डींच्या आयुष्यातील जवळजवळ प्रत्येक मोठे वळण कोणाच्या तरी यादीतील त्यांच्या क्रमांकावर अवलंबून होते. काही याद्या त्यांनी स्वतः लावल्या, बहुतेक इतरांनी. त्यांतील सर्वांत महत्त्वाची यादी बंगळुरूत तयार झाली.

अनंतपूर जिल्ह्यातील इल्लूर या गावी १९ मे १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. मद्रासजवळच्या अड्यार येथील थिऑसॉफिकल शाळेत आणि नंतर अनंतपूरच्या सरकारी महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले, पण १९२९ मध्ये गांधीजी अनंतपूरला आले आणि पुस्तके मागे पडली ती कायमची. पदवी राहिलीच. पुढे दहा वर्षे ते आंध्र प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस होते. १९४० ते १९४५ या काळात बहुतेक मुक्काम तुरुंगात झाला. त्यातला १९४२ नंतरचा काळ त्यांनी आपल्या अमरावतीच्या तुरुंगात काढला, हे महाराष्ट्रातही फारसे कोणाच्या लक्षात नसते. तेथे त्यांच्याबरोबर टी. प्रकाशम होते, एस. सत्यमूर्ती होते, के. कामराज होते आणि व्ही. व्ही. गिरीही होते. पंचवीस वर्षांनी ज्यांनी रेड्डींचे नाव पुढे रेटले आणि ज्यांनी त्यांना हरवले, ते दोघेही वऱ्हाडातल्या त्याच भिंतींआडचे त्यांचे सोबती होते.

स्वातंत्र्यानंतरची चढण वेगाची होती, पण सरळ नव्हती. मद्रास विधानसभेत ते निवडून आले, घटना समितीत बसले, मद्रास सरकारात मंत्री झाले. १९५१ मध्ये एन. जी. रंगा यांच्यासारख्या बुजुर्गाला हरवून त्यांनी आंध्र काँग्रेसचे अध्यक्षपद मिळविले आणि लगेचच्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र अनंतपुरात कम्युनिस्ट नेते तरिमेला नागी रेड्डी यांच्याकडून ते पराभूत झाले. नागी रेड्डी हे त्यांच्या पत्नीचे सख्खे भाऊ. मेहुण्याने पाडलेल्या या प्रदेशाध्यक्षांना पक्षाने राज्यसभेत पाठविले. १९५३ मध्ये आंध्र राज्य झाले तेव्हा ते प्रकाशम यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेलंगण जोडून आंध्र प्रदेश अस्तित्वात आला तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री.

जानेवारी १९६० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडून ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या जागी दामोदरम संजीवय्या आले. दलित समाजातून आलेले ते देशातील पहिले मुख्यमंत्री. रेड्डींच्या अध्यक्षतेखालील पहिले अधिवेशन बंगळुरूलाच भरले होते. त्यानंतर भावनगर आणि पाटणा अशी दोन अधिवेशने करून १९६२ मध्ये ते पुन्हा हैदराबादला मुख्यमंत्री म्हणून परतले. दुसरी कारकीर्द दोनच वर्षांची ठरली, आणि तिच्या शेवटालाही एक क्रमच कारण झाला. बसमार्गांचे राष्ट्रीयीकरण कोणत्या जिल्ह्यापासून सुरू करायचे, हा प्रश्न होता. कर्नूल जिल्ह्यातील मार्ग आधी घेण्यामागे आपल्याविरुद्धचा राजकीय आकस आहे, असा आरोप तेथील खासगी बसमालकांनी केला. मुख्यमंत्र्यांनी तो प्रतिज्ञापत्र देऊन नाकारला नाही, यावर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवताच रेड्डींनी फेब्रुवारी १९६४ मध्ये राजीनामा दिला. न्यायालयाने खुर्ची सोडा असे सांगितलेले नव्हते. मौन बाळगल्याबद्दल ताशेरे आले आणि तेवढ्यावर ते गेले. नंतरच्या काळात मुख्यमंत्र्यांवरचे ताशेरे किती सहज पचविले गेले, ते दिल्लीने पुष्कळ पाहिले आहे.

लालबहादूर शास्त्रींच्या मंत्रिमंडळात पोलाद व खाण, इंदिरा गांधींच्या पहिल्या मंत्रिमंडळात वाहतूक व विमान वाहतूक अशी खाती त्यांनी सांभाळली. १९६७ च्या निवडणुकीत ते हिंदुपूरमधून लोकसभेवर आले, पण नव्या मंत्रिमंडळात नव्हे तर सभापतींच्या आसनावर गेले. त्या आसनावर बसताच त्यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले. ही गोष्ट त्या वेळी सर्वांना रुचली. दोन वर्षांनी तिच्यामुळे एक विचित्र प्रसंग उद्भवला. काँग्रेस पक्षाने राष्ट्रपतिपदासाठी ज्यांचे नाव निश्चित केले, ते कागदोपत्री काँग्रेसचे सदस्यच नव्हते.

राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. डॉ. राधाकृष्णन आणि डॉ. झाकिर हुसेन हे दोघेही उपराष्ट्रपतिपदावरून वर गेले होते. तोच शिरस्ता पुढे चालेल, अशी गिरींची अपेक्षा असल्यास त्यात गैर काही नव्हते. पण काँग्रेसमध्ये तोवर दोन सत्ताकेंद्रे उभी राहिली होती. एका बाजूला पंतप्रधान इंदिरा गांधी. दुसऱ्या बाजूला अध्यक्ष निजलिंगप्पा, कामराज, स. का. पाटील, अतुल्य घोष हे सिंडिकेट नावाने ओळखले जाणारे संघटनेचे धुरीण. १९६७ मध्ये बहुमत घटले होते, अनेक राज्ये हातची गेली होती. अशा स्थितीत राष्ट्रपती कोण, याला एरवीपेक्षा निराळे मोल आले. लोकसभेत कोणालाच स्पष्ट बहुमत नसेल तर पंतप्रधानपदासाठी आधी कोणाला बोलवायचे, हे राष्ट्रपती ठरवतो. रेड्डी राष्ट्रपतिभवनात गेले तर इंदिरा गांधींचे आसन डळमळेल आणि मोरारजी देसाईंचा मार्ग मोकळा होईल, असे दिल्लीत तेव्हा उघड बोलले जात होते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात महासमिती बंगळुरूत जमली, लालबागेतील काचघरात. फुलांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या त्या वास्तूत पक्षाच्या आर्थिक धोरणावर भाषणे झाली. पंतप्रधान उशिरा पोहोचल्या. त्यांनी आधी पाठविलेल्या टिपणात बँकांविषयीची कठोर भूमिका होती. त्या टिपणाबाबत कार्यकारिणीने तडजोड केली. उमेदवाराबाबत तडजोड झाली नाही. १२ जुलै रोजी संसदीय मंडळ बसले. मंडळात आठ जण होते: निजलिंगप्पा, इंदिरा गांधी, मोरारजी देसाई, यशवंतराव चव्हाण, जगजीवनराम, फखरुद्दीन अली अहमद, कामराज आणि स. का. पाटील. गांधीजींच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते. त्याचे निमित्त करून इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचविले. सिंडिकेटने रेड्डींचे नाव पुढे केले. अशा प्रसंगी एकमत होईपर्यंत नावे फिरवत ठेवायची, ही काँग्रेसची जुनी रीत. त्या दिवशी मात्र मते मोजण्यात आली. मोरारजी, कामराज, पाटील आणि चव्हाण हे चौघे रेड्डींच्या बाजूने गेले. इंदिरा गांधी आणि अहमद हे दोघे जगजीवनराम यांच्या बाजूने. अध्यक्ष आणि खुद्द उमेदवार मतदानापासून दूर राहिले.

चौघांपैकी दोघे महाराष्ट्राचे होते, आणि तेही एकमेकांच्या गोटातले नव्हते. पाटील सिंडिकेटचेच, त्यांचे मत गृहीत होते. चव्हाण गृहमंत्री होते, कोणत्याही गोटात पूर्णपणे न बसणारे. त्यांनी आर्थिक धोरणात पंतप्रधानांना साथ दिली आणि उमेदवाराच्या बाबतीत दिली नाही. ते मत दुसऱ्या बाजूला पडले असते तर तीन विरुद्ध तीन असा पेच निर्माण होऊन निर्णय निजलिंगप्पांवर आला असता. निजलिंगप्पा कोठे झुकले असते हे उघडच आहे, पण पक्षाध्यक्षाच्या निर्णायक मताने पंतप्रधानांवर लादलेला उमेदवार आणि मंडळाच्या बहुमताने ठरलेला उमेदवार, यांत फरक आहे. चव्हाणांच्या मताने रेड्डींना मिळाला तो हा अधिकृतपणा. चव्हाणांना त्याची किंमत पुढे बरीच वर्षे मोजावी लागली. दोन्ही गोटांत त्यांच्याविषयी जो अविश्वास राहिला, त्याचे मूळ शोधणारे बंगळुरूपाशीच येऊन थांबतात.

आपल्यावर नाव लादले गेले, ही भावना घेऊन इंदिरा गांधी दिल्लीला परतल्या आणि पुढचे आठ दिवस राजधानीने श्वास रोखून पाहिले. गिरींनी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे जाहीर केले. १६ जुलैला मोरारजींचे अर्थखाते काढून घेण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून गिरींची सही होती. दुसऱ्या दिवशी गिरींनी पद सोडले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ती जबाबदारी घेतली. रेड्डींनीही सभापतिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून इंदिरा गांधींची सही होती. पक्षशिस्त पाळल्याचा तो पुरावा पुढे कोणाच्याच उपयोगी पडला नाही.

त्या वेळी राष्ट्रपतिपदासाठी अर्ज भरायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे असे. साहजिकच हौशी उमेदवारांची गर्दी होई. १९६७ मध्ये सतरा जण रिंगणात होते, १९६९ मध्ये पंधरा. त्यांत दोन मराठी नावे होती. एक पांडुरंग नथुजी राजभोज. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे नेते आणि १९५२ मध्ये सोलापूरहून निवडून गेलेले खासदार. दुसरे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये ते मंत्रिपद फेकून देणारे कुलाब्याचे खासदार. चिंतामणरावांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. ते निवडून येतील असे या पक्षांनाही वाटत नव्हते. त्यांच्या मतदारांचा दुसरा आकडा कोणाच्या नावापुढे पडणार, हा खरा प्रश्न होता.

निजलिंगप्पांनी हे गणित अचूक ओळखले. कम्युनिस्टांचे दोन्ही पक्ष आणि द्रमुक गिरींच्या मागे उभे होते. काँग्रेसमधून गळती होणार हेही दिसत होते. पहिल्या पसंतीवर कोटा पूर्ण होणे अवघड, तेव्हा दुसरी पसंती आधीच बांधून घ्यावी, म्हणून ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. पसंतीक्रमाच्या पद्धतीत यात वावगे काही नाही. ज्याची पहिली पसंती मिळणे शक्य नाही त्याची दुसरी मागणे हे त्या पद्धतीतच अभिप्रेत आहे. राजकारण मात्र मोजणीच्या नियमांवर चालत नाही. ११ ऑगस्टला जगजीवनराम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र लिहून या भेटींचा जाब विचारला. ज्या पक्षांशी काँग्रेस गावोगाव लढते, त्यांच्याशी काँग्रेसचा उमेदवार निवडून आणण्यासाठी कसला करार झाला, हा प्रश्न खासदार-आमदारांपर्यंत पोहोचला. अध्यक्षांनी पक्षादेश काढण्याची मागणी केली, तिला पंतप्रधानांनी नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यावे, ही घोषणा देशभर झाली.

१६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० ऑगस्टला मोजणी. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते, महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे १४६. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७. जिंकण्यासाठी हवे होते ४,१८,१६९. पहिल्या पसंतीची बेरीज झाली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मते होती. राजभोज यांना ८३१. पंधरापैकी पाच जणांना एकही मत नव्हते. कोटा कोणीच गाठला नव्हता. मग नियमाप्रमाणे तळाच्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीकडे वळवण्यास सुरुवात झाली आणि शेवटी चिंतामणरावांच्या मतपत्रिका उघडल्या गेल्या.

अंतिम आकडे असे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५० चा. तेरा खासदारांनी गिरींच्या नावापुढचा आकडा रेड्डींच्या नावापुढे लिहिला असता तर निकाल उलटला असता. पराभवानंतर सिंडिकेटचे लोक या तेरा जणांचा हिशेब करीत राहिले. पण आकड्यांत त्याहून बोलकी गोष्ट दडलेली आहे. दुसऱ्या फेरीत वळलेल्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींना मिळाली आणि गिरींना अवघी १८,५६२. म्हणजे शंभरातील त्र्याऐंशी रेड्डींकडे आली. निजलिंगप्पांच्या भेटी फुकट गेल्या नव्हत्या. ज्या मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पसंतीच नव्हती, त्यांचे मूल्य १०,८३३ होते. ते सगळे रेड्डींच्या पारड्यात टाकले तरी ते ३,८१७ ने मागेच राहतात. दुसऱ्या पसंतीने शक्य तेवढे काम केले. घात झाला तो पहिल्या पसंतीत. दोनच वर्षांपूर्वी काँग्रेसचे उमेदवार म्हणून झाकिर हुसेन यांना ४,७१,२४४ मते मिळाली होती. मधल्या काळात काही राज्यांत मध्यावधी निवडणुका झाल्या, हे जमेस धरले तरी दीड लाखाहून अधिक मतमूल्याची ही तूट विरोधकांनी घडवलेली नव्हती. जनसंघ-स्वतंत्रची दुसरी पसंती मागण्याच्या खटाटोपाने काँग्रेसजनांना पहिली पसंती नाकारण्याचे सभ्य कारण पुरविले. रेड्डींनी स्वतः हा करार केला नव्हता. बंगळुरूत ते मतदारही नव्हते. त्यांच्या नावाने इतरांनी खेळलेला डाव ते हरले.

नोव्हेंबरमध्ये निजलिंगप्पांनी पंतप्रधानांनाच पक्षातून काढले आणि काँग्रेस दुभंगली. बंगळुरूत रेड्डींना मत देणारे चव्हाण फुटीच्या वेळी इंदिरा गांधींबरोबर राहिले. रेड्डी संघटना काँग्रेसबरोबर गेले, १९७१ मध्ये हिंदुपूरमधून पडले आणि अनंतपूरला जाऊन शेती पाहू लागले. वय अठ्ठावन्न. राजकारणातील बहुतेक चरित्रे येथे संपतात. हौशी उमेदवारांच्या गर्दीवर मात्र १९७४ मध्ये इलाज झाला: दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपयांची अनामत. १९९७ मध्ये ती संख्या पन्नास-पन्नास आणि अनामत पंधरा हजार करण्यात आली.

१ मे १९७५ रोजी हैदराबादला जयप्रकाश नारायण यांच्या सभेत रेड्डी पुन्हा व्यासपीठावर दिसले. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली. आंध्र प्रदेशात मात्र तिने बेचाळीसपैकी एक्केचाळीस जागा जिंकल्या. उरलेली एक नंद्यालची, रेड्डींची. जनता पक्षाने त्यांना सभापती केले. राष्ट्रपतिपद तेव्हाही रिकामे होते, कारण फखरुद्दीन अली अहमद, म्हणजे बंगळुरूत रेड्डींच्या विरोधात गेलेल्या दोघांतील एक, राष्ट्रपती असतानाच फेब्रुवारीत वारले होते. आता पंतप्रधान मोरारजी होते, बंगळुरूतील चौघांतील एक. तरीही त्यांच्या यादीत पहिले नाव रेड्डींचे नव्हते. मोरारजींनी नृत्यक्षेत्रातील विदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना विचारले. त्यांनी नम्रपणे नकार दिला, तेव्हा पक्षाचा कौल रेड्डींकडे वळला आणि काँग्रेसनेही संमती दिली. सदतीस अर्ज आले होते. छाननीत छत्तीस बाद झाले. २१ जुलैला बिनविरोध निवड जाहीर झाली आणि २५ जुलै १९७७ रोजी शपथविधी. तेव्हापासून राष्ट्रपतींच्या शपथविधीची तारीखच २५ जुलै होऊन बसली.

राष्ट्रपतिभवनातील दोन वर्षे शांततेत गेली. मग ज्या अधिकारासाठी १९६९ मध्ये एवढे रण माजले होते, तो वापरण्याची वेळ आली. जुलै १९७९ मध्ये नुकतेच विरोधी पक्षनेते झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी अविश्वासाचा ठराव आणला, जनता पक्ष फुटला आणि १५ तारखेला मोरारजींनी राजीनामा दिला. कोणाला आधी बोलवायचे? आता यादी रेड्डींनी लावायची होती आणि तिच्यातली नावे त्यांना बंगळुरूपासून ठाऊक होती. पहिले निमंत्रण त्यांनी चव्हाणांना दिले. ठराव आणणाऱ्या विरोधी नेत्याला आधी विचारावे, हा संकेत त्यामागे होता. महाराष्ट्राचा नेता पंतप्रधानपदाच्या इतका जवळ पूर्वी कधी आला नव्हता. चार दिवसांत चव्हाणांनी जमत नसल्याचे कळविले. त्यानंतर मोरारजी आणि चरणसिंग या दोघांकडून समर्थक खासदारांच्या याद्या मागविण्यात आल्या. मोरारजींच्या यादीतील काही नावे पडताळणीत टिकली नाहीत. चरणसिंगांची यादी मोठी ठरली आणि २८ जुलैला त्यांचा शपथविधी झाला. चव्हाण उपपंतप्रधान झाले. लवकरात लवकर लोकसभेत बहुमत सिद्ध करावे, ही अट रेड्डींनी घातली. पुढे आघाड्यांच्या काळात राष्ट्रपतिभवनाने ती नित्याची केली.

चरणसिंग त्या कसोटीपर्यंत पोहोचलेच नाहीत. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढून घेताच त्यांनी २० ऑगस्टला राजीनामा दिला. रेड्डींच्या पराभवाच्या मोजणीला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे पूर्ण होत होती. दरम्यान जनता पक्षाने नवा नेता निवडला होता: जगजीवनराम. लोकसभेतील सर्वांत मोठ्या गटांपैकी एकाचा नेता आपल्याला संधी द्या म्हणून राष्ट्रपतींकडे गेला. दहा वर्षांपूर्वी बंगळुरूत ज्यांना चार विरुद्ध दोन असे मागे सारून रेड्डींचे नाव पुढे आले होते, ते आता रेड्डींच्या निर्णयावर अवलंबून होते. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी राजीनामा दिलेल्या पंतप्रधानांचा सल्ला मानून लोकसभा विसर्जित केली. विश्वासाच्या ठरावाला सामोरे न गेलेल्या पंतप्रधानाचा सल्ला बंधनकारक कसा, हा जनता पक्षाचा सवाल घटनेच्या अभ्यासकांनीही नंतर अनेकदा उचलला. विसर्जनाच्या बाजूने युक्तिवाद होताच: महिनाभरात दोन सरकारे कोसळली होती आणि तिसरे पक्षांतरांच्या जोरावरच उभे राहिले असते. परंतु चव्हाणांना चार दिवस, चरणसिंगांना तीन आठवडे आणि जगजीवनराम यांना एक दिवसही नाही, हा क्रम न्यायाचा दिसत नाही. त्याच्यामागे जुना हिशेब होता असे म्हणायला पुरावा नाही. तो होता असे मानणारे मात्र दिल्लीत पुष्कळ होते, आणि दलित पंतप्रधानाची देशाला मिळालेली सर्वांत जवळची संधी त्या दिवशी गेली.

जानेवारी १९८० मध्ये निवडणूक जिंकून इंदिरा गांधी परतल्या आणि त्यांना पंतप्रधानपदाची शपथ रेड्डींनीच दिली. उरलेली अडीच वर्षे दोघांनी औपचारिक सौजन्याने निभावली. २५ जुलै १९८२ रोजी झैलसिंग यांच्याकडे सूत्रे देऊन ते अनंतपूरला गेले. बंगळुरूत येऊन राहावे, असे रामकृष्ण हेगडे यांनी कर्नाटकचे मुख्यमंत्री असताना सुचविले होते. रेड्डींनी आपली शेती सोडली नाही. १९८९ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले, तेव्हा त्यातील पंतप्रधानांविषयीच्या स्पष्ट मतांनी काही काळ खळबळ माजली. श्रीशैलमच्या धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव मिळाले.

अखेर ते बंगळुरूत आले ते आजारपणात. १ जून १९९६ रोजी तेथेच न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, वय त्र्याऐंशी. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपतिभवनात कर्नाटकचे एच. डी. देवेगौडा पंतप्रधानपदाची शपथ घेत होते. संयुक्त आघाडीने आधी विश्वनाथ प्रताप सिंह यांना विचारले होते, त्यांनी नकार दिला; मग ज्योती बसूंना, त्यांच्या पक्षाने नकार दिला.